उन्हाळ्यात उकळणारी, थंडीत न भरणारी बॅटरी: घरच्या व्होल्टेज रेग्युलेटरचं दुखणं

उन्हाळा लागला की बॅटरीचं पाणी आठ-दहा दिवसांत पातळीखाली जातं. बुचं उघडली की आम्लाचा वास नाकात जातो, पोलवर पांढरा-हिरवा खार धरतो. थंडीत याच्या उलट. इंजिन दोन तास चालवलं तरी बॅटरी भरत नाही आणि रात्री नऊ वाजता इन्व्हर्टर ओरडायला लागतो. मधूनच चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर जळतो. नवा टाकला की काही महिने सगळं ठीक, मग पुन्हा तेच.

माझ्या मामांच्या वस्तीवर हे तीन वर्षं चाललं. वस्ती मंद्रूपच्या पुढे भीमेच्या अंगाला, जिथं विजेचा खांब अजून पोहोचलेला नाही. नदीचं पाणी उपसायला पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतंच. त्याच्याच पुलीवरून बेल्ट घेऊन मी भंगारातला एक १२ व्होल्टचा गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, फिरवला. इंजिन १५०० आरपीएमला, पुलीचं प्रमाण एकास दोन, म्हणजे अल्टरनेटर ३००० ला. पत्र्याच्या शेडमध्ये १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, तिच्यावर घरातले दिवे, एक पंखा, मोबाईल आणि रानडुकरांसाठीचं झटका मशीन. अल्टरनेटरचा मूळ रेग्युलेटर जळालेला होता, म्हणून मी घरी केला. मी सोलापुरात यंत्रमागांचं इलेक्ट्रिकलचं काम करतो, सोल्डरिंग हातातलं आहे, त्यामुळे तेव्हा हे काम एका रविवारचं वाटलं होतं.

ज्यांच्याकडे अशीच जोडणी आहे आणि अशीच तक्रार आहे त्यांनी पुढचं सगळं वाचावं. मी तीन वर्षं सुटे भाग बदलत बसलो. दोष सापडला तो एका साध्या मोजणीत, आणि ती मोजणी मी पहिल्याच उन्हाळ्यात करायला हवी होती.

पहिला रेग्युलेटर असा होता. अल्टरनेटरच्या आउटपुटवरून एक वायर, तिच्यावर १३ व्होल्टचा झेनर, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजच्या वर गेल्यावरच करंट सोडणारा डायोड, झेनरमागे बीसी ५४७ या छोट्या ट्रान्झिस्टरचा बेस, पातळी थोडी वरखाली करायला एक प्रीसेट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर. व्होल्टेज झेनरच्या वर गेलं की बीसी ५४७ चालू होणार आणि रोटरला, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीला, करंट देणाऱ्या टीआयपी १२२ या मोठ्या ट्रान्झिस्टरला बंद करणार; रोटरचा करंट थांबला की अल्टरनेटरचं व्होल्टेज उतरतं. रोटरवर उलटा लावलेला १एन ४००७ डायोड. हे सगळं एका पत्र्याच्या डबीत घालून अल्टरनेटरच्याच ब्रॅकेटवर बसवलं, कारण वायर कमी लागते. बसवलं ते जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेची सुट्टी होती तेव्हा. सकाळी चांगली थंडी होती. १४.२ व्होल्टवर प्रीसेट लावला, प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकला आणि घरी आलो.

महिन्याभरात मामांचा फोन आला की बॅटरी भरत नाही. मी गेलो, अल्टरनेटरच्या टोकाला मोजलं तर बरोबर १४.२. मग अंदाजानं प्रीसेट १४.८ वर नेला. बॅटरी भरायला लागली. तिथंच मी चूक पेरली होती, ती उगवली चैत्रात.

एप्रिलमध्ये मामा म्हणाले, "अरे, हिला म्हशीपेक्षा जास्त पाणी लागायलंय बघ." मी बॅटरी जुनी असेल म्हटलं. मे महिन्यात ट्रान्झिस्टर गेला. बदलला. पावसाळ्यात बरं चाललं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाणी, पुन्हा ट्रान्झिस्टर. तिसऱ्या उन्हाळ्यात बॅटरीचे दोन सेल बसले आणि मामांचे नव्या बॅटरीचे पैसे गेले. तेव्हा मी ठरवलं की आता एकही भाग बदलायचा नाही. आधी दिवसभर नुसतं मोजायचं.

मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता, इंजिन तासभर चालून सगळं पुरतं तापल्यावर मी मीटर घेऊन बसलो. चार आकडे घेतले. अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टवर १५.१. बॅटरीच्या दोन पोलांवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या लगवर नाही, थेट शिशाच्या पोलवर टोकं दाबून, १४.९. रेग्युलेटरच्या डबीच्या आत थर्मोकपल सरकवला तर ६५ अंश. बॅटरीच्या अंगाला ४२ अंश. १४.८ वर नेलेला प्रीसेट त्यानंतर कुणी हलवला नव्हता, नेलपॉलिश तसंच होतं. तरी आकडा १५.१ झाला होता.

इथं झेनरचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. साधारण ५ ते ६ व्होल्टच्या आसपासचा झेनर तापला तरी फारसा हलत नाही. त्याहून मोठा झेनर तापला की त्याचं व्होल्टेज वाढतं, आणि जितका मोठा तितकं जास्त. १३ व्होल्टच्या झेनरला दर अंशाला नऊ-दहा मिलिव्होल्ट धरा. पुढच्या ट्रान्झिस्टरचा बेस उलट दिशेनं दोन मिलिव्होल्ट खातो. उरले सात-आठ. पंचवीस अंशांपासून पासष्टपर्यंत चाळीस अंश चढले, म्हणजे तीन दशांश व्होल्ट. आकडा तंतोतंत जुळतो.

आता बॅटरीकडे या. शिसे-आम्लाच्या बॅटरीला उष्णतेत कमी व्होल्टेज लागतं. तापलेल्या सेलमध्ये रासायनिक क्रिया वेगानं होते आणि पाणी फुटून वायू सुटायला लवकर सुरुवात होते. दर सेलला दर अंशाला तीन ते पाच मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. सहा सेलची बॅटरी, मधला आकडा चार धरला तर अंशाला २४ मिलिव्होल्ट. पंचवीस अंशांना १४.४ चालत असेल, तर ४२ अंशांना १४.० च्या वर जाऊ नये.

म्हणजे सोलापूरच्या उन्हात बॅटरी म्हणत होती मला चार दशांश कमी दे, आणि इंजिनाच्या धगीत बसलेला माझा रेग्युलेटर तीन दशांश जास्त देत होता. वर मी चढवून ठेवलेला प्रीसेट. बॅटरीवर गरजेपेक्षा जवळजवळ एक व्होल्ट जास्त पडत होता, रोज, दोन-तीन तास. पाणी उकळणारच. थंड हवेच्या ठिकाणी हाच रेग्युलेटर कदाचित वर्षानुवर्षं खपून गेला असता.

मग थंडीत बॅटरी भरत का नव्हती? कारण मी मोजत होतो अल्टरनेटरवर आणि बॅटरी होती सात मीटर लांब. वायर टाकली होती ६ स्क्वेअर एमएमची. तांब्याच्या तेवढ्या जाडीच्या वायरचा रोध मीटरला तीन मिलिओहमच्या थोडा वर. जाऊन-येऊन चौदा मीटर म्हणजे सुमारे ४३ मिलिओहम. ३० अँपिअर वाहताना त्यात १.३ व्होल्ट गळून पडतात. अल्टरनेटरवर १४.२ असतानाही बॅटरीला मिळत होते १२.९. त्यात निगेटिव्हची बाजू मी इंजिनाच्या पायाच्या बोल्टवरून घेतली होती आणि त्या बोल्टखाली रंग आणि गंज होता, तिथली गळती वेगळी. बॅटरी भरत आली की करंट कमी होतो, मग वायरमधली गळतीही कमी होते आणि वाढवलेलं सगळं व्होल्टेज बॅटरीवर येतं. म्हणून लांबच्या वायरचं दुखणं प्रीसेट फिरवून कधी बरं होत नाही. सुरुवातीला कमी पडतं आणि शेवटी जास्त होतं. तुमच्याकडे बॅटरी भरत नसेल तर प्रीसेटला हात लावण्याआधी मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या पॉझिटिव्ह बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर ठेवा. पूर्ण करंट वाहताना तिथं ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष वायरीत किंवा लगमध्ये आहे. मग तसंच अल्टरनेटरच्या बॉडीपासून निगेटिव्ह पोलपर्यंत. ही बाजू बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि जुन्या इंजिनावर अर्ध्याहून जास्त गळती मला तिथंच सापडली आहे.

राहिला ट्रान्झिस्टर. त्याची दोन कारणं होती आणि दोन्ही माझ्या हातची. रोटरचा रोध ३.५ ओहम होता, म्हणजे १४ व्होल्टला चार अँपिअर. त्याच्यावर मी लावला होता एक अँपिअरचा १एन ४००७. ट्रान्झिस्टर बंद होतो तेव्हा रोटरच्या गुंडाळीतला करंट एकदम थांबू शकत नाही, तो या डायोडमधून फिरून विझतो. डायोड तडकला होता, मीटरवर दोन्ही बाजूंनी उघडा. तो नसला की बंद होण्याच्या प्रत्येक क्षणी उलटा झटका ट्रान्झिस्टरवर बसतो. मी दर वेळी ट्रान्झिस्टर बदलला आणि त्याच्या शेजारचा डायोड एकदाही तपासला नाही. दुसरं कारण असं की त्या सर्किटमध्ये चालू आणि बंद यांच्यात ठाम फरकच नव्हता. ट्रान्झिस्टर तासन् तास अर्धवट उघडा राहायचा. सात व्होल्ट स्वतःवर घेऊन दोन अँपिअर सोडायचा, म्हणजे चौदा वॅट उष्णता, तीही पासष्ट अंशांच्या डबीत.

नवा रेग्युलेटर मी वेगळ्या विचारानं केला. संदर्भाला झेनरऐवजी टीएल ४३१, म्हणजे रेफरन्स पायावर ठरलेलं व्होल्टेज आलं की चालू होणारी छोटी चिप. बीसी ५४७ सारखाच तीन पायांचा दिसतो, काही रुपयांना मिळतो. आतला संदर्भ २.४९५ व्होल्टचा. तो चाळीस अंश तापला तरी आपल्या १४ व्होल्टमध्ये फार तर दोन-तीन शतांशांचा फरक पडतो.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवरून एक बारीक वायर फक्त मोजणीसाठी निघते. बॅटरीजवळच अर्ध्या अँपिअरचा फ्यूज. त्यानंतर १एन ४१४८ चे दहा डायोड ओळीनं एकामागे एक, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, बॅटरीकडून रेग्युलेटरकडे. ही माळ उष्णतेनं आवळणाऱ्या नळीत घालून बॅटरीच्या अंगाला, पाण्याच्या पातळीच्या खाली, चिकटवायची आणि वरून थर्माकोलचा तुकडा लावायचा, म्हणजे ती शेडच्या हवेऐवजी बॅटरीचं तापमान घेते. माळेनंतर ५.६ के म्हणजे किलोओहमचा रेझिस्टर, मग १ के, मग ५ के चा मल्टीटर्न प्रीसेट, आणि तिथून टीएल ४३१ चा रेफरन्स पाय. रेफरन्सपासून निगेटिव्हला ४.७ के. हा निगेटिव्हही बॅटरीच्या पोलवरूनच स्वतंत्र बारीक वायरीनं आणलेला. मोजणीच्या या दोन वायरींमधून अर्धा मिलिअँपिअर वाहतो, त्यामुळे त्यांच्यात गळती अशी होतच नाही.

दहा डायोड कशासाठी? प्रत्येक डायोडवर सुमारे ०.६ व्होल्ट पडतात आणि अंशाला दोन मिलिव्होल्ट कमी होत जातात. दहांचे मिळून वीस मिलिव्होल्ट. बॅटरीला हवी असते जवळपास तेवढीच घट. बॅटरी तापली की रेग्युलेटर आपोआप खाली येतो, गार झाली की वर जातो. हिशोब हवा असेल तर असा: पंचवीस अंशांना माळेचे ६.०, रेफरन्सचे २.५, आणि वरच्या रेझिस्टरांत ०.५३ मिलिअँपिअर वाहतात म्हणून दर किलोओहमला ०.५३ व्होल्ट. प्रीसेट एका टोकाला असेल तर १२.० आणि दुसऱ्या टोकाला १४.६५. कुणी तो शेवटापर्यंत फिरवला तरी १५ च्या पुढे जाता येत नाही. हे मी मुद्दाम केलं. प्रीसेटचा मधला पाय एका टोकाच्या पायाला जोडून टाका, म्हणजे आतला संपर्क सुटला तरी बेफाम न होता १४.६५ वरच थांबेल.

तो १ के वेगळा ठेवण्यामागं कारण आहे. त्याच्या दोन टोकांवर एक साधा स्विच लावला. स्विच दाबला की १ के वगळला जातो आणि पातळी अर्ध्या व्होल्टनं खाली येते, १४.२ वरून १३.७ वर. ज्या दिवशी इंजिन दोन तासच चालायचं आहे त्या दिवशी वरची पातळी. उसाला पाणी देताना इंजिन दिवसभर चालतं, त्या दिवशी खालची. भरलेल्या बॅटरीला दिवसभर १४.२ देणंही चुकीचंच.

रोटरसाठी आयआरएफ ५४० मॉस्फेट, म्हणजे गेट या पायावरच्या व्होल्टेजनं उघडणारा ट्रान्झिस्टर; करंट वाहतो तो त्याच्या ड्रेन आणि सोर्स या पायांमधून. एक कार्बन ब्रश एका स्विचमधून आणि पाच अँपिअरच्या फ्यूजमधून पॉझिटिव्हला, दुसरा ब्रश मॉस्फेटच्या ड्रेनला, सोर्स अल्टरनेटरच्या बॉडीला. आधी ब्रश जिच्यावर घासतो त्या स्लिप रिंगपासून शाफ्टपर्यंत मीटर लावून बघा, तिथं काहीच दिसायला नको. काही अल्टरनेटरमध्ये एक ब्रश आतूनच बॉडीला असतो, तो सोडवून वेगळा काढावा लागतो. रोटरच्या दोन टोकांवर उलटा डायोड ६ए१०, सहा अँपिअरचा, त्याची पट्टी पॉझिटिव्हकडे.

गेटला पुरवठा त्याच स्विचनंतरच्या पॉझिटिव्हवरून २.२ के मधून येतो आणि टीएल ४३१ च्या कॅथोडवर मिळतो. इथं एक खाचखळगा आहे, त्यात मी एक आख्खी संध्याकाळ घालवली. टीएल ४३१ पूर्ण चालू झाला तरी त्याच्यावर सुमारे दोन व्होल्ट उरतातच. आयआरएफ ५४० ला उघडायला दोन ते चार व्होल्ट लागतात, म्हणजे एखादा नग त्या दोन व्होल्टवरही अर्धवट उघडा राहू शकतो. कमी व्होल्टवर उघडणारा आयआरएलझेड ४४ लावला तर तो बंदच होणार नाही, आणि बॅटरी उकळेल. उपाय सोपा आहे. कॅथोड आणि गेट यांच्यामध्ये एक लाल एलईडी घाला आणि गेटपासून सोर्सला १० के. एलईडी स्वतः पावणेदोन-दोन व्होल्ट खातो, म्हणून टीएल ४३१ चालू असताना गेटवर काही उरत नाही. शिवाय रोटरला करंट जातोय की नाही हे एलईडीच्या मंद उजेडावरून दिसतं. गेट आणि सोर्समध्ये १५ व्होल्टचा एक झेनर संरक्षणाला.

अर्धवट उघडं राहण्याचा रोग घालवायला ड्रेनपासून रेफरन्सपर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टर. मॉस्फेट बंद झाला की ड्रेन वर जातो आणि रेफरन्सला आणखी वर ढकलतो, म्हणून बंद तो बंदच राहतो. चालू झाला की उलट. दोन्हींत साधारण ०.१५ व्होल्टचं अंतर पडतं. दिवे लुकलुकण्याइतकं ते जास्त नाही. आता मॉस्फेट एक तर पूर्ण उघडा नाही तर पूर्ण बंद असतो आणि चार अँपिअरला एक वॅटच्या आसपासच तापतो. हीच त्याची परीक्षाही आहे. हीटसिंकवर बोट ठेवता येत नसेल तर मॉस्फेट अर्धवट उघडा आहे किंवा नकली आहे. मोठा हीटसिंक लावून ते झाकू नका. मॉस्फेटची पाठ म्हणजे ड्रेन असतो, मागे अभ्रकाची चकती घातल्याशिवाय बॉडीला टेकवू नका.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त भीती होती ती मोजणीची वायर तुटण्याची. उंदीर आहेत, इंजिनाचा हादरा आहे. वायर तुटली की टीएल ४३१ ला व्होल्टेज शून्य दिसणार, तो रोटर पूर्ण सोडणार, आणि व्होल्टेज चढत जाणार. म्हणून एक स्वतंत्र राखणदार ठेवला. अल्टरनेटरच्या आउटपुटवरून १५ व्होल्टचा झेनर, मग १ के, मग बीसी ५४७ चा बेस. बेसपासून एमिटरला ४.७ के, एमिटर बॉडीला, कलेक्टर सरळ गेटला. आउटपुट साडेपंधराच्या वर गेलं की हा गेट खाली ओढतो, मुख्य सर्किट काहीही म्हणो. झेनर इथं तापून दोन-तीन दशांश सरकला तरी बिघडत नाही, रोजची पातळी आता त्याच्या हातात नाही. बसवल्यावर मी मोजणीची वायर मुद्दाम उपटून पाहिली. व्होल्टेज १५.७ वर जाऊन थांबलं. तुम्हीही हे करून बघितल्याशिवाय रेग्युलेटर वस्तीवर सोडून येऊ नका.

टेबलावरची तपासणी अशी करा. रोटरच्या जागी गाडीचा २१ वॅटचा बल्ब लावा, बॅटरीच्या जागी कमी-जास्त होणारा पुरवठा. व्होल्टेज हळूहळू वाढवा. बल्ब झटकन विझला पाहिजे, मंद होत होत नको. विझण्याचा आकडा १४.२ वर लावा. मग डायोडची माळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पन्नास अंशांच्या गरम पाण्यात धरा. पाच मिनिटांनी तोच आकडा सुमारे १३.७ झाला पाहिजे. न हलल्यास माळेत कुठंतरी शॉर्ट आहे. त्यानंतर केस वाळवायचं मशीन घेऊन टीएल ४३१ तापवा. आकडा जागचा हलायला नको. माझा जुना रेग्युलेटर मी याच टेबलावर चुलीच्या कडेला ठेवून तापवला होता, आणि आकडा डोळ्यांसमोर वर चढताना पाहिला. तीन वर्षांचं उत्तर दहा मिनिटांत मिळालं.

बसवताना डबी इंजिनावरून काढून बॅटरीच्या बाजूच्या भिंतीवर, सावलीत लावली. मुख्य वायर १६ स्क्वेअर एमएमची केली आणि निगेटिव्ह पायाच्या बोल्टवरून न घेता अल्टरनेटरच्या बॉडीवरून थेट बॅटरीपर्यंत ओढली. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून काढला. आता ३० अँपिअरला दोन्ही बाजूंची मिळून गळती अर्ध्या व्होल्टच्या आसपास येते, आणि रेग्युलेटर पोलवरचं व्होल्टेज वाचत असल्यानं तेवढी तो स्वतः भरून काढतो. बॅटरीवर त्या दिवशी आलेला आकडा समाधानकारक असला की प्रीसेटचा रोध मोजून त्याच्या जागी पक्के रेझिस्टर लावले तर फारच उत्तम. हादऱ्यानं प्रीसेट सरकतातच.

एका गोष्टीत मात्र मामांवर अवलंबून राहावं लागतं. इंजिन बंद केल्यावर रोटरचा स्विच बंद केला नाही तर रोटर बॅटरीतून साडेतीन-चार अँपिअर ओढत बसतो. एकदा रात्रभर तसंच राहिलं आणि सकाळी बॅटरी अर्ध्याच्या खाली. आता त्या स्विचवर लाल दिवा आहे, आणि स्विच इंजिन बंद करायच्या दांड्याशेजारीच आहे.

तुमच्याकडे व्होल्टेज आताच बेफाम जात असेल आणि कारण कळत नसेल तर रोटरची डबीकडे जाणारी वायर सोडा. चार्जिंग थांबलं तर दोष डबीत, बहुधा मॉस्फेट शॉर्ट. वायर सोडूनही चार्जिंग चालूच राहिलं तर रोटरचं टोक कुठंतरी बॉडीला लागलं आहे. उलट, व्होल्टेज येतच नसेल तर आधी बेल्ट, मग कार्बन ब्रश, मग फ्यूज बघा. बॅटरी फार लवकर उतरते आणि अल्टरनेटर गरम होऊन घुमतो असं असेल तर आतला डायोड गेला असण्याची शक्यता आहे. चार्जिंग चालू असताना पोलवर एसी रेंजमध्ये मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड तपासून घ्या. पण काही स्वस्त मीटर एसी रेंजमध्ये डीसीलाच दुप्पट करून दाखवतात. इंजिन बंद असताना तोच मीटर बॅटरीला लावून बघा. तिथं शून्य दाखवलं तरच त्याच्यावर विश्वास ठेवा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा सगळा जोर कुठं जायचं ते न सुचून क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं, आणि डायोडपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं त्यात जाऊ शकतं. उकळणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. शेडला वरच्या अंगाला झरोका हवा, बुचं उघडताना जवळ विडी नको, आणि पाना दोन पोलांवर पडणार नाही याची काळजी. पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं पाणी चालतं असं बरेच जण सांगतात, पण त्यात क्षार उरलेले असतात. आणि बेल्टला जाळी लावा. मामी शेडमध्ये पदर सावरत यायच्या ते मला कधीच बघवत नव्हतं.

नवा रेग्युलेटर बसवल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी पुन्हा दुपारी दोनला मीटर घेऊन बसलो. बॅटरीच्या अंगाला ४१ अंश, पोलवर १३.९. मामांनी शेडच्या खिळ्याला एक वही बांधली आहे. पाणी घातलं की ते तारीख लिहितात. गुढीपाडव्यानंतर पुढची नोंद थेट मृगातली आहे.